बाबांचं भविष्य आणि आईचे कान

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात टीव्ही विकत घेतला नाही, आणि तरीही आमच्या पंचक्रोशीत टीव्हीबद्दल त्यांच्याइतकं कोणी बोललं नसेल. ते हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. गाव त्यांना केळुसकर मास्तर म्हणे, आम्ही बाबा म्हणायचो. कुडाळच्या बाजारात एखाद्या दुकानाच्या काचेत नवा टीव्ही दिसला की बाबा भाजीच्या पिशव्या माझ्या हातात देत आणि आत शिरत. सेटच्या मागची जाळी वाकून बघत, दुकानदाराला त्याच्याच वस्तूबद्दल चार गोष्टी समजावून सांगत आणि काही न घेता बाहेर येत. "आता घेतलो तो खुळो," ते मला सांगत, "पुढच्या वर्षी ह्याच्यापेक्षा बरो येतलो." पुढच्या वर्षी खरंच बरा यायचा, आणि बाबा पुन्हा त्याच्या पुढच्या वर्षाकडे बोट दाखवायचे. अशा रीतीने आमचं घर सगळ्यांच्या पुढेही होतं आणि सगळ्यांच्या मागेही.

त्यांचं भाकीत सुरू व्हायचं ते बहुतेक जेवणाच्या पाटावर. आई उकड्या तांदळाचा भात वाढत असायची, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याचा वास घरभर पसरलेला असायचा, आणि बाबा घास हातात धरून सांगू लागायचे की टीव्ही एक दिवस कॅलेंडरसारखा भिंतीवर टांगला जाईल. त्याला मागे पोट असणार नाही. कार्यक्रमाची वेळ आपण ठरवू, केंद्रवाले नाही. आपण बोलू आणि तो ऐकेल. आवाज हवा त्याच माणसाच्या कानात जाईल, शेजारी बसलेल्याला पत्ता लागणार नाही. गंमत म्हणजे एरवी घरात मालवणी बोलणारे बाबा भविष्याबद्दल बोलू लागले की प्रमाण मराठीत जायचे, जणू पुढच्या काळात मालवणीला जागाच नव्हती. तिखलं थंड व्हायचं. माझा धाकटा भाऊ विनू पाटावरच पेंगायचा. आई त्यांच्या तोंडाकडे बघत, मान हलवत, पुन्हा पुन्हा भात वाढायची, आणि बाबा ताटाकडे बघून चिडायचे, "नको म्हणतंय मां मी! कितीदा सांगू?"

आता माझ्या भिंतीवर तसाच टीव्ही आहे. मुलाने पुण्याहून पाठवला, सोबत एक लांबट काळी पट्टी आवाजासाठी. बाबांनी सांगितलेलं त्यातलं सगळं खरं झालं, आणि ह्या खरं होण्याचा मला इतका वैताग येतो की सांगता सोय नाही. बातम्या लावायच्या तर तो आधी विचारतो, आपण कोण. मग विचारतो, आपल्याला ह्यातलं काय आवडेल. मध्येच स्वतःहून नवा होत बसतो, आणि तो नवा होईपर्यंत आमच्याकडची वीज जाते. "बातम्यो लाव" म्हटलं की कुठलं तरी परभाषेतलं गाणं लावतो. शेवटी मी शाळेत भाषण केल्यासारखं शुद्ध मराठीत त्याला विनवते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीला.

पण मला सांगायचं आहे ते आईबद्दल.

आमचं घर वालावलच्या अलीकडे, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. पोफळी, दोन फणस, मागे विहीर आणि रहाट. सकाळी रहाटाचा कुरकुरणारा आवाज, खाडीतून जाणाऱ्या होडीच्या वल्ह्यांची चुबुकचुबुक, दुपारी पोफळीत ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, कर्कश हाक, ह्या आवाजांत मी वाढले. बाबांना मात्र ह्यातला एकही आवाज पुरेसा नव्हता. त्यांनी कुठूनसे जुने दोन लाउडस्पीकर मिळवले आणि आईने कुळीथ साठवायला आणलेल्या मडक्यांच्या तोंडांवर बसवले. मडक्यात आवाज घुमतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. एक मडकं माजघराच्या ह्या कोपऱ्यात, दुसरं त्या कोपऱ्यात, आणि मधोमध जमिनीवर खडूने केलेली फुली. पाहुणा आला की त्याला फुलीवर बसवायचं. दोन्ही मडक्यांतून आवाज एकच यायचा, कारण रेडिओच एक आवाज देणारा होता, पण बाबा म्हणत, आज नाही तर उद्या दोन देईल, मडकी तयार असलेली बरी. मडक्यांविना राहिलेल्या कुळथाला टोके, म्हणजे किडे, लागले. आई मुकाट्याने ते निवडत बसली.

आई तशीही कमीच बोलायची, आणि जे बोलायची ते इतकं हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. विनूच्या जन्मानंतर ती आणखी हळू झाली. हाक मारली तर पहिल्या हाकेला वळायची नाही. दारात कोणी उभं राहिलं तर त्याची सावली ओट्यावर पडेपर्यंत तिला कळायचं नाही. बाबांनी ह्यावर एक वाक्य तयार ठेवलं होतं, "हिचा लक्ष खंय आसता, देव जाणे." आजूबाजूचे हसायचे, आईही हसायची. दुपारी कामं आटपली की ती रेडिओजवळ बसायची आणि कपाळ त्याच्या लाकडी पेटीवर टेकवायची. आम्हाला वाटे, दमली असेल. बाबा ओरडत, "हळदीचे हात लावू नको त्येका!"

आणि गिरणी. भात भरडायला गिरणीत गेलो की पट्ट्याच्या आणि इंजिनाच्या घरघरीत बाकीच्या बायका एकमेकींच्या कानाशी लागून ओरडायच्या. आई मात्र तिथे खुलायची. तिला सगळं समजायचं. कोणाच्या सुनेला काय झालं, कुठल्या वाडीत कोण मुंबईहून आलं, सगळं ऐकून ती उत्तरं द्यायची. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि मला त्याचा अर्थ लागत नव्हता. बाबांना मात्र लागला होता. ते म्हणत, "गिरणीत बरा आयकाक येता तुका? आणि घरात माझाच तेवढा आयकाक येणा नाय!"

मी सावंतवाडीला कॉलेजात जाऊ लागले. पहाटेची एसटी, संध्याकाळची एसटी. दिवसभर बाहेर राहून घरी आलं की घरातल्या गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात. एका संध्याकाळी मी पाणंदीने घरी येत होते तेव्हा विनूचं रडणं ऐकू आलं. तो गडग्यावरून उडी मारताना पडला होता, पाय दगडांत अडकला होता आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. त्याला सोडवत होत्या त्या शेजारच्या फिलूबाई. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, गडग्यापलीकडे त्यांचं घर, अंगणात छोटा पांढरा क्रूस. आई दहा पावलांवर मागच्या पडवीत नारळ किसत बसली होती. आम्ही विनूला उचलून आत आणलं तेव्हा ती आमच्याकडे बघून हसली, आणि मग त्याचा पाय बघून तिचा चेहरा पांढराफटक झाला.

फिलूबाईंनी मला बाजूला घेतलं. "शैला, तुझ्या आवशीक आयकाक कमी येता गो. माका लय दिवस वाटता. बापाशीक सांग आणि डॉक्टराक दाखव."

मी त्याच रात्री जेवताना सांगितलं. बाबा म्हणाले, "आयकाचा आसता तेवढा बरोबर आयकता ती." आणि मग लगेच शुद्ध मराठीत शिरले. श्रवणयंत्रं आज कशी ओबडधोबड आहेत, खिशात पेटी आणि कानापर्यंत वायर, पण पुढे ती डाळीच्या दाण्याएवढी होतील, टीव्हीचा आवाज थेट त्यांत उतरेल, असं बराच वेळ सांगत राहिले. मी म्हटलं, "बाबा, आज काय करूचा?" ते म्हणाले, "तेच सांगतंय." पण ते तेच सांगत नव्हते. हा प्रसंग आठवला की अजून माझ्या हातातला घास थांबतो.

त्याच सुमारास गावच्या वाचनालयाने वर्गणी काढून टीव्ही आणायचं ठरवलं. छपरावर उंच बांबूला अँटेना बांधली. गोव्याकडून येणारी लहर आमच्यापर्यंत पोचेपर्यंत दमून जायची, म्हणून एक जण छपरावर बांबू फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "इला! गेला! परत फिरव!" पडद्यावर बहुतेक वेळ मुंग्याच. तरी उद्घाटन ठरलं, आणि त्या निमित्ताने केळुसकर मास्तरांचं व्याख्यान. विषय होता घरातला टीव्ही आणि घरातला आवाज ह्यांचं भविष्य. बाबांनी आठवडाभर तयारी केली. शाळेतून येऊन फेऱ्या मारत, आरशासमोर उभे राहत, विनूला श्रोता म्हणून फुलीवर बसवत. आईवर प्रसादाच्या शिऱ्याचं काम होतं. तिने केळी घालून मोठं पातेलंभर शिरा केला आणि नवी निळी साडी नेसली. अध्यक्षांनी, म्हणजे गावातल्या बापू खोतांनी, सांगितलं होतं की टीव्हीवरचा पडदा मास्तरांच्या पत्नीच्या हातून काढायचा. आई त्या गोष्टीने मनातून फार खूश झाली होती. मला तिने दोनदा विचारलं की पदर डोक्यावरून घ्यायचा की नको.

वाचनालयाची खोली भरून माणसं खिडक्यांत लटकली होती. आई पहिल्या रांगेत, मी तिच्या शेजारी. बाबा बोलायला उभे राहिले आणि खरं सांगायचं तर ते सुंदर बोलले. भिंतीवरचा टीव्ही, चारी बाजूंनी येणारा आवाज, घरोघरी आपापलं थिएटर. लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. मग ते म्हणाले, "आणि ज्यांना ऐकू येत नाही, तेही वंचित राहणार नाहीत. माणूस बोलेल तसे शब्द चित्राखाली आपोआप उमटतील. बहिरा माणूससुद्धा सगळ्यांबरोबर हसेल." टाळ्या वाजल्या. शेजारी सगळे वाजवतात हे बघून आईनेही वाजवल्या.

मी तिच्याकडे बघितलं. ती बाबांच्या ओठांकडे इतक्या एकाग्रपणे बघत होती की तिच्या कपाळाची शीर उठली होती. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बापू उठले. "वैनीनू, येवा, तुमच्या हातान पडदो काढा." आई हलली नाही. ती अजून बाबांकडे बघत होती. बापूंनी पुन्हा सांगितलं, मी तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा ती गडबडून उठली आणि पडदा काढून आली. टीव्ही लावला गेला. मुंग्यांमधून एक बाई बातम्या देताना दिसू लागली, आवाज मात्र बऱ्यापैकी यायला लागला. बाबांच्या अंगात व्याख्यान अजून होतंच. ते व्यासपीठावरून कौतुकाने आईला म्हणाले, "काय गो, कसो वाटलो?"

आई लाजली. सगळी खोली आपल्याकडे बघते आहे हे तिला कळत होतं. ती म्हणाली, "तूप जरा जास्त झाला."

त्यावर जे हसू फुटलं ते खिडक्यांपर्यंत गेलं. छपरावरच्या माणसानेही वरून विचारलं, काय झाला. आई आधी सगळ्यांबरोबर हसली, मग तिचं हसू हळूहळू थांबलं, कारण हसणारे तिच्याचकडे बघत होते. बाबांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "हिचा लक्ष खंय आसता, देव जाणे," आणि लोक आणखी हसले.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. "बाबा, आयेक आयकाक येणा नाय!" माझा आवाज चिरकला होता. "तुमी आता बहिऱ्या माणसांचा बोललास ना? ही बघा, समोर बसली हा. तुमका दिसणा नाय?"

टीव्हीवरची बाई तेवढी बोलत राहिली. बापूंनी कोणाला तरी प्रसाद वाटायची खूण केली.

घरी जाताना बाबा पुढे चालत होते, आम्ही मागे. मला वाटलं होतं, आता तरी काहीतरी होईल. झालं ते उलटंच. बाबांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आणि ज्या आईसाठी मी हे केलं होतं ती मला विहिरीवर गाठून रडत म्हणाली, "कित्याक सांगलंस गो सगळ्यांसमोर? तुझ्या लग्नाच्या येळेक लोक इचारतले. आजी बहिरी, आवस बहिरी, चेडवाचा काय?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला स्वतःला सगळं माहीत होतं. तिची आई ठार बहिरी होती आणि माहेरच्या गावात पोरं तिच्या मागे डबे वाजवायची. आईने ओठ वाचायला शिकून, हसून, मान हलवून इतकी वर्षं हे झाकलं होतं, ते माझ्यासाठी. मला तिचाही राग आला. ज्यांच्यासाठी भांडावं त्यांनीच आपल्याला गप्प करावं, ह्याइतकी चडफड दुसऱ्या कशाने होत नाही. मी रहाटाची दोरी सोडून दिली आणि कळशी धाडकन पाण्यात गेली. तो आवाज तिला ऐकू आला की नाही, कोण जाणे.

पुढचे कित्येक महिने असेच गेले. बाबा हळूहळू माझ्याशी बोलू लागले, पण त्या विषयावर नाही. मी काढला तर म्हणत, "नवीन यंत्रा येतहत, जरा थांब." शाळेची परीक्षा झाल्यावर बघू, गणपतीनंतर बघू, पाऊस ओसरल्यावर बघू. शेवटी फिलूबाईंनीच मार्ग काढला. त्यांचा भाऊ पणजीला राहायचा, तिथल्या मोठ्या इस्पितळात कानाचे चांगले डॉक्टर होते. आईला पटवायला त्यांनी एकच वाक्य वापरलं. तिच्या समोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "वैनी, पोरगो त्या दिवशी विहिरीत पडलो असतो तर?" आई दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार होती. बाबांची प्रात्यक्षिकं होती. ते आले नाहीत.

डॉक्टर वयस्क होते, कोकणीत बोलायचे. त्यांनी आईला विचारलं, गोंगाटात जास्त ऐकू येतं का? मी थक्क झाले. गिरणीची गोष्ट मीच सांगितली. ते हसले आणि म्हणाले, ह्या दुखण्यात असंच होतं. बाकीचे लोक गोंगाटात मोठ्याने बोलतात, आणि हिला तो गोंगाट त्रास देत नाही. मग त्यांनी टेबलाच्या खणातून दोन टोकांचा लोखंडी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि आईच्या कानासमोर धरला. आईने मान हलवली, काही नाही. त्यांनी तो पुन्हा आपटला आणि त्याची दांडी तिच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

आईचे डोळे मोठे झाले. तिने माझा हात पकडला. "येता! आयकाक येता गो, बरा येता!"

तो चिमटा, म्हणजे नादकाटा, मी ओळखत होते. बाबांच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तसे तीन-चार होते. नाद आणि कंपन शिकवताना ते मुलांना तो दाताखाली धरायला लावत. डॉक्टर सांगत होते की कानाची नस ठीक आहे, आतलं एक बारीक हाड घट्ट बसलं आहे, ते हलत नाही म्हणून आवाज पुढे जात नाही, बाळंतपणानंतर हे वाढतं, शस्त्रक्रिया करता येते, पूर्वीच यायला हवं होतं. मी सगळं ऐकत होते आणि डोळ्यांपुढे आई रेडिओच्या पेटीवर कपाळ टेकून बसलेली दिसत होती. ती दमलेली नव्हती. ती ऐकत होती. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर विज्ञानाचे मास्तर हळदीच्या डागांवरून ओरडत होते.

घरी आल्यावर मी बाबांना जेवढं समजलं होतं तेवढं सांगितलं, चिमट्याचं मुद्दाम सांगितलं. ते तडक उठले. चपला घालून बाहेर गेले आणि शाळेची किल्ली आणून कपाटातला चिमटा घेऊन आले. आईला पडवीत बसवलं. कानासमोर धरला, हाडावर टेकवला. पुन्हा कानासमोर, पुन्हा हाडावर. डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी आई सांगायची, आता येता, आता येणा नाय. शेवटी तिने त्यांचा हात बाजूला केला. "पुरे झाला. माझी टकली दुखाक लागली."

बाबा चिमटा हातात घेऊन बसून राहिले. "हाडातसून जाता," ते म्हणाले. "नववीक शिकवतंय मी ह्यां."

मी वाट बघत होते की ते आणखी काही म्हणतील. आईला, नाहीतर मला. ते म्हणाले नाहीत. आयुष्यभर म्हणाले नाहीत. पण शस्त्रक्रियेला ते आले. रजा काढून आले, इस्पितळाच्या बाकावर बसून राहिले, आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की परिचारिका त्यांना बघून दुसऱ्या दाराने जाऊ लागली.

आधी एकच कान करायचं ठरलं, उजवा. पट्टी निघाल्यावर आई घरी आली ती कपाळाला आठ्या घालून. तिला सगळंच मोठं वाटत होतं. भांडी आपटतात म्हणून चिडली, कावळ्यांना हाकललं, मडक्यांवरचे लाउडस्पीकर तिने स्वतः उतरवले आणि मडकी घासून उन्हात ठेवली. बाबांची छाती नव्हती काही बोलायची. पहिल्या दिवशी जेवताना बाबा नेहमीसारखे सुरू झाले, आणि भात वाढता वाढता आई थांबली. जरा वेळ ऐकत राहिली. मग मला हळूच विचारलं, "हे इतके बोलतत? माका वाटलेला, मधी मधी गप ऱ्हवतत."

मला हसू आलं आणि रडूही. बाबांनी ऐकलं की नाही, माहीत नाही.

त्यानंतर बाबांनी जे केलं त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. त्यांना एक नवा विषय मिळाला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कानाची आकृती काढून दाखवत. आईला समोर बसवून म्हणत, "हिचंच उदाहरण घ्या." वाचनालयात पुन्हा व्याख्यान दिलं, ह्या वेळी विषय कान, आणि आई पुन्हा पहिल्या रांगेत. त्यात आमच्या घरी हे कळायला किती वर्षं लागली, ते आलं नाही. गिरणी आली, चिमटा आला, रेडिओची पेटीही आली, पण जणू हे सगळं त्यांनीच हेरलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन म्हटलं, "बाबा, ह्यां खोटा आसा." ते म्हणाले, "ह्यात खोटा काय आसा? सगळा घडला तसाच सांगलंय." आणि त्यांना ते मनापासून तसंच वाटत होतं. त्यांच्याशी भांडणं म्हणजे मुंग्यांच्या पडद्याशी भांडणं होतं.

माझं लग्न जमलं. कोणी काही विचारलं नाही, आणि आईची इतक्या वर्षांची भीती एका दिवसात निकामी झाली. चाळिशीनंतर माझेही कान तसेच झाले. मी वाट बघितली नाही. दोन्ही करून घेतले. आता मुलगा सुट्टीत आला की सगळे एका खोलीत बसतात, प्रत्येकाच्या कानात आपापलं काही तरी खुपसलेलं. मी काही विचारलं की हातवारे करतात, थांब, थांब. ऐकू येणाऱ्या माणसांना मी रोज मोठ्याने हाका मारते. परवा नातू म्हणाला, पुढे टीव्ही चष्म्यातच येईल आजी, भिंतसुद्धा लागणार नाही. मी त्याला म्हटलं, आधी जेवायला चल.

आईचा दुसरा कान मात्र राहिला. डॉक्टरांनी वर्षभराने या म्हणून सांगितलं होतं. आता बाबाच मागे लागले होते. दोन कानांनी आवाज कुठून येतो ते कळतं, डावी-उजवी बाजू कळते, ह्यावर त्यांनी तिला कितीतरी ऐकवलं. मीही समजावलं. मला वाटत होतं, ती भीत असेल. आईने शांतपणे नकार दिला. "एक पुरे. दुसरो तसोच ऱ्हवांदे." कारण विचारलं तर हसायची.

कारण मला फार उशिरा कळलं, माहेरी गेले असताना. दुपारची जेवणं झाली होती. बाबा पडवीत आरामखुर्चीत बसले होते, निवृत्त झालेले, केस पांढरे, आणि पुढच्या पन्नास वर्षांत घराघरांतला आवाज कसा असेल ते शुद्ध मराठीत सांगत होते. आई चटईवर आडवी झाली, उजव्या कुशीवर, हाताची उशी करून, चांगला कान तळहातात नीट दाबून. बाबा मध्येच थांबून विचारत, "आयकतंस मां?" ते विचारोत न विचारोत, आई डोळे मिटून अंदाजाने अधूनमधून "हूं" म्हणायची, आणि बाबा समाधानाने पुढे बोलू लागायचे.